टेका आता, मावशी

मित्रांनो, माझे मूळचे रंग आता ओळखू येत नाहीत, म्हणून मीच सांगते. मी पोहण्याच्या तलावातली एक जुनी दोरी आहे. लाल-पांढऱ्या चकत्यांची लांबच लांब माळ पाण्यावर तरंगताना तुम्ही पाहिली असेल. एकाच्या लेनमध्ये दुसऱ्याने शिरू नये म्हणून ती बांधतात. ती माळ म्हणजे मी. नावालाच दोरी, माझ्या पोटात पोलादाची तार आहे आणि त्या तारेत शेकडो चकत्या ओवलेल्या आहेत. ज्या कारखान्यात मी जन्मले तिथे एक प्रौढ बाई गुणगुणत गुणगुणत मला ओवत होती. तिचा चेहरा मला आठवत नाही, पण तिच्या गाण्याचा ठेका माझ्या चकत्यांत अजून आहे. पाणी हललं की तो वाजतो. त्या माउलीला माझा पहिला नमस्कार.

देवाने मला दोन कामं नेमून दिली. एक, लेन वेगळ्या ठेवायच्या. दुसरं, लाटा मोडायच्या. शेजारचा जोरात पोहू लागला की त्याच्या लाटा माझ्या अंगावर येतात, माझ्या चकत्या गरगर फिरतात आणि लाट तिथल्या तिथे निवते. तिसरं काम मात्र कुणी नेमून दिलं नव्हतं. ते आपोआप माझ्याकडे आलं. दमलेल्या हातांना आधार देण्याचं.

मित्रांनो, मला भिंतीवरचं घड्याळ वाचता येत नाही, पण हात वाचता येतो. ताजातवाना पोहणारा थांबला की माझ्यावर नुसती दोन बोटं ठेवतो. शेजारी जाता जाता दारावर टकटक करतो ना, तशी. थोडा दमला की पूर्ण पंजा टेकवतो. आणखी दमला की कोपर. आणि ज्याच्या अंगात काहीच उरलेलं नसतं, तो दोन्ही काखांत मला धरून, हनुवटी माझ्यावर ठेवून लोंबकळतो. तेव्हा त्याचं काळीज माझ्या तारेवर धडधडतं. अशी किती काळजं मी अंगावर घेतली आहेत! हे भाग्य देवळातल्या घंटेच्या दोरीलाही नसेल.

मी नवी होते तेव्हा माझं फार कौतुक झालं. लोक काठावर उभे राहून म्हणायचे, "व्वा, काय चमकतेय!" मग कौतुक सरलं. लहान मुलं माझ्यावर घोड्यासारखी बसू लागली. एकाने तर माझी चकती चावून पाहिली. उन्हाने लाल रंगाचा गुलाबी झाला आणि पांढऱ्याचा पिवळट. पण एका माणसाने मला कधी जुनं मानलं नाही. ते म्हणजे तलावाची देखभाल करणारे मामा.

मामा सकाळी येत, जाळीने पाण्यातली पानं काढत आणि मग माझ्या टोकाची कळ पान्याने पिळून मला ताठ करत. संध्याकाळी शेवटचा माणूस बाहेर पडला की तीच कळ उलटी फिरवत. मी सैल होऊन पाण्यावर अंग टाकत असे. तेव्हा मामा न चुकता म्हणत, "टेका आता, मावशी."

हो, मला ते मावशी म्हणत. पोहणाऱ्या मुलामुलींनाही तीच सवय लागली. "मामांची मावशी," असं म्हणून सगळे हसत.

मला एक बहीण होती. ती पलीकडच्या लेनला असे. एकदा मामा आजारी पडले आणि त्यांच्या जागी आलेल्या माणसाने कितीतरी दिवस आम्हाला रात्रंदिवस ताणूनच ठेवलं. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. रोज सोडायचं आणि रोज बांधायचं, हा उगाच व्याप कशाला, असं त्याला वाटलं. एके दुपारी तलाव रिकामा असताना बहिणीच्या तारेचा ताडकन आवाज झाला. तिला कुणी ओढलं नव्हतं की हात लावला नव्हता. नुसत्या ताणाने ती तुटली. परत आल्यावर मामांनी तिच्या विखुरलेल्या चकत्या एकेक करून गोळा केल्या.

ही झाली प्रस्तावना. आता मूळ कथेकडे येते.

मामांच्या बहिणीची मुलगी आमच्याच तलावात पोहायला शिकली. ती एवढीशी असताना मामांनीच तिला पाठीवर तरंगायला शिकवलं होतं. ती एका जागी म्हणून थांबायची नाही. पोहून आली की उड्या, उड्या झाल्या की पुन्हा पोहणं. म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. मोठी झाली, कॉलेजात गेली, तरी भिंगरीच राहिली. फुलपाखरासारखे दोन्ही हात एकदम पाण्याबाहेर फेकत पोहायची जी शैली असते ना, त्यात तिचा हात धरणारं आमच्या तलावावर कुणी नव्हतं. त्या शैलीत चार लांबी, तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार वेळा, पोहायच्या म्हणजे सोपं काम नाही. पहिल्या तीन लांबी माणूस पोहतो आणि चौथी त्याची परीक्षा घेते.

तिला शिकवणाऱ्या बाई स्वतः एके काळी देशासाठी पोहलेल्या. ऐन भरात त्यांनी अंगाला कधी विसावा दिला नाही. त्यामुळे त्यांचा उजवा खांदा कायमचा गेला. अजूनही केस बांधताना त्यांचा चेहरा वाकडा होतो. आवाज मात्र असा, की पाण्याखालीही ऐकू जावा.

त्या वर्षी देशाच्या संघाची निवड आमच्याच तलावावर होणार होती. भिंगरीच्या शर्यतीतून दोघींनाच घेणार होते. आदल्या वर्षी ती तिसरी आली होती. कॉलेज संपत आलं होतं, पुढे नोकरी धरावी लागणार होती. सकाळ-संध्याकाळ पाण्यात घालवायला मिळणारं हे तिचं शेवटचं वर्ष. म्हणजे संघात जायचं तर आताच, नाहीतर कधीच नाही.

महिनोन्महिने तिने जिवाचं रान केलं. रोज शेवटी ती माझ्यावर दोन्ही काखांनी लोंबकळायची. आणि मग निवडीच्या आधीचा आठवडा आला तेव्हा बाईंनी तिचं पोहणं निम्म्याहून कमी केलं. आमच्या तलावावर बाईंची एक रीत होती. मोठ्या शर्यतीआधी ज्याला विसावा घ्यायचा, त्याने पाण्याबाहेर बसून माझ्या चकत्या घासायच्या. मला चाकावर गुंडाळून बाहेर काढत, पुढ्यात घमेलं आणि हातात दात घासायचा जुना ब्रश देत.

भिंगरी फणफणली. "बाई, मी पोहायला येते की भांडी घासायला?"

"भांडीच समज," बाई म्हणाल्या. "घासून झाली की पालथी घाल आणि स्वस्थ बस."

"पण मला आज छान वाटत होतं. अजून पोहले असते."

"छान वाटतंय ना? मग ते वाटणं शर्यतीसाठी राखून ठेव. हे बघ, पोहताना अंग झिजतं. ते भरून येतं निजल्यावर आणि बसल्यावर. इतके महिने जे केलंस ते आता मुरू दे. घाई केलीस तर सगळं कच्चं राहील."

भिंगरीने तीन-चार चकत्या कशाबशा घासल्या आणि ब्रश घमेल्यात टाकून दिला.

मित्रांनो, इथेच घोटाळा झाला. विसाव्याच्या त्या दिवसांत पोहणाऱ्याचं अंग एकदम हलकं होत नाही. उलट मधले दोन-तीन दिवस जड, सुस्त वाटतं. अंग आतून स्वतःची डागडुजी करत असतं, त्याचंच ते सुस्तपण. बाईंनी हेही सांगितलं होतं. पण ऐकणं वेगळं आणि त्यावर विश्वास टाकणं वेगळं. दुपारी तलाव बंद असताना भिंगरी मामांकडे आली, ती डोळे भरूनच.

"मामा, माझं अंग शिसं झालंय. मी सगळं विसरत चाललेय. मला दोन फेऱ्या मारू दे ना."

"बाईंनी नको म्हटलंय ना गं?"

"बाईंना काय कळवायचंय? तू कुलूप काढ फक्त. मामा, प्लीज. नाहीतर मी हरेन आणि मग आयुष्यभर तुला बोलत राहीन."

मामांनी पाण्याकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं आणि कुलूप काढलं. "दोनच हं! तुझ्या आईची शपथ आहे."

दोनाच्या किती झाल्या, ते आईच्या शपथेलाच माहीत. ती तीन दुपारी आली आणि तिन्ही वेळा जीव तोडून पोहली. मी भिंतीपाशी चाकावर गुंडाळलेली होते. मला तोंड असतं तर ओरडले असते. मामा मात्र काठावर बसून खुशीत म्हणत होते, "हां, आता कशी मोकळी झाली पोर!" प्रेमाने केलेली चूक अशीच असते. करणाऱ्याच्या तोंडावर हसू असतं.

निवडीच्या दिवसासाठी बाहेरून नव्या कोऱ्या दोऱ्या आल्या. मला सामानाच्या खोलीत, दारालगत ठेवलं. खोटं कशाला बोलू, मनाला लागलं. पण देव एक दार लावतो तेव्हा दुसरं किलकिलं ठेवतो. त्या खोलीच्या उघड्या दारातून मला अर्धा तलाव दिसत होता.

सकाळी पहिली फेरी झाली. त्यातल्या आठजणी संध्याकाळच्या अंतिम शर्यतीत जाणार होत्या. भिंगरीने सुरुवात तर वाऱ्यासारखी केली. तिसऱ्या लांबीपर्यंत तीच पुढे. मग वळली आणि मला लांबूनच कळलं. तिचे हात पाण्याबाहेर येईनात. कंबर खाली बसली. लांब झेपा तोकड्या झाल्या. एकेक जण तिच्या पुढे गेली. भिंतीला हात लावला आणि ती नव्या दोरीवर दोन्ही काखांनी कोसळली. आठजणींत तिचं नाव आलं, पण सगळ्यांत शेवटी.

मामा दारातच उभे होते. त्यांच्या हातातला पुसायचा बोळा तसाच राहिला. बाई घाईने चालल्या होत्या, त्यांना आडवे आले.

"बाई, थांबा. मारायचं तर मला मारा. दुपारी मीच कुलूप काढून द्यायचो. ती रडायला लागली की माझं काही चालत नाही हो."

बाई थबकल्या. क्षणभर मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. त्यांनी उजव्या खांद्यावरून हात फिरवला.

"मामा, कुलूप तुम्ही काढलंत. पण माझ्या वेळी तर कुलूप लावणाराच कुणी नव्हता." मग एकदम त्यांचा नेहमीचा आवाज आला. "संध्याकाळपर्यंत वेळ आहे. नवी ताकद आता कुणी आणून देणार नाही. आहे तीच परत मिळवायची. ऐकाल माझं?"

"बाई, आता तुम्ही म्हणाल तर मी तीन तास शीर्षासन करीन."

"शीर्षासन नको. पहारा करा."

भिंगरी ओलीचिंब आली. बाईंना पाहताच म्हणाली, "मला जोरात पोहू द्या, बाई. कुठे चुकलं ते मला कळलंय, सुधारते."

"चुकलं ते दुपारी चुकलं. मला कळलंय."

भिंगरीने मामांकडे पाहिलं. मामांनी छताकडे.

"शिक्षा काय ती नंतर," बाई म्हणाल्या. "आधी शेजारच्या छोट्या तलावात जा आणि हळू पोह. इतकं हळू, की काठावरून चालणाऱ्या आजीबाई तुझ्या पुढे जायला हव्यात. शर्यतीनंतर एकदम थांबलं की अंग आखडतं. मग कोरडे कपडे, पोटभर पाणी, मऊ भात, केळं. आणि मग झोप."

"मला झोप येणारच नाही!"

"मग झोपू नकोस. भांडी घास."

अशी ती माझ्या खोलीत आली. बाईंनी जमिनीवर दोन गाद्या अंथरल्या आणि माझी वेटोळी उशाला नव्हे, तर पायथ्याला ठेवली. "पाय हिच्यावर टाक. वर असले की हलके होतात." माझं मोकळं टोक तिच्या मांडीवर दिलं आणि हातात तोच ब्रश.

मित्रांनो, आयुष्यभर मी थकलेले हात पेलले. त्या दिवशी पहिल्यांदा थकलेले पाय पेलले. पोटऱ्या दगडासारख्या होत्या. माझ्या चकत्यांवरून त्या फडफडत होत्या, जाळ्यातल्या पाखरासारख्या. भिंगरीने एक चकती घासली. दुसरी घासली. सुरुवातीला रागाने, खसाखसा. मग हात मंदावला. चकती उलटी फिरवून ती मागची बाजूही घासू लागली, खाचेतला काळा मळ काढू लागली. श्वास लांब होत गेला. बोटांतून ब्रश सुटला, घरंगळला. पोटऱ्या एकदाच थरथरल्या आणि सैल झाल्या.

मामा पाय न वाजवता आत आले. त्यांनी तिच्या अंगावर टॉवेल घातला. सवयीने तोंडातून शब्द निघाले, "टेक आता." एवढं बोलून ते बाहेर गेले आणि दारात ठाण मांडलं. तो पहारा पाहायला हवा होता! खुर्च्या ओढत नेणाऱ्याला त्यांनी त्या उचलून न्यायला लावल्या. शिट्ट्या वाजवून पाहणाऱ्या पंचांना तलावाच्या दुसऱ्या टोकाला पाठवलं. एक साहेब खोलीत शिरू लागले, तर मामा दोन्ही हात पसरून आडवे.

"काय आहे आत?"

"हळू बोला साहेब, आत देव निजलेत."

"कुठले देव?"

"आमच्या घरचे."

साहेबांनी आत डोकावलं, माझ्यावर टाकलेले दोन पाय पाहिले आणि चवड्यांवर चालत परत गेले.

उन्हं कलली तेव्हा बाईंनी तिला हलकेच उठवलं. तिच्या मानेवर दोन बोटं ठेवून नाडी पाहिली आणि समाधानाने मान डोलावली. भिंगरी उठली, तोंड धुतलं आणि गेली. जाताना म्हणाली, "मामा, माझा ब्रश उचलून ठेवू नकोस. तिथेच राहू दे."

अंतिम शर्यत मला दिसली नाही. दारात इतकी गर्दी झाली होती. मला दिसत होती ती मामांची पाठ, आणि ऐकू येत होते मामा.

"सोडलं... उडाली! अगं हळू, हळू! नाही, बरोबर आहे, हळूच आहे. पाचव्या नंबरावर आहे. असू दे, पाचवी असू दे. वळल्या. आता चौथा नंबर. बाई, तुम्ही श्वास घेताय ना? मी नाही घेत. तिसरी लांबी... तिसऱ्या नंबरावर आली! भिंगरे, आता..."

आणि मामा गप्प झाले. चौथी लांबी होती ती. मी माझ्या सगळ्या चकत्यांनी प्रार्थना केली. लोकांचा गलका वाढत वाढत एकदम फुटला. मामांची पाठ हलू लागली. ते हसत होते की रडत होते, पाठीवरून समजेना.

"दुसरी!" ते मागे वळून माझ्याकडे पाहत ओरडले. "मावशी, दुसरी आली! बोटभर अंतराने, पण आली! आणि दोरीला, पाहिलंत का बाई, नुसती दोन बोटं लावून उभी आहे पोर!"

दोन बोटं! मित्रांनो, मला दुसरा निकाल नकोच होता.

थोड्या वेळाने ओल्या पावलांचा आवाज आला. भिंगरी खोलीत आली, अंगावरून पाणी गळतंय, डोळे लाल. तिने खाली पडलेला ब्रश उचलला, गादीवर बसली आणि माझं टोक मांडीवर घेतलं.

मामा धावत आले. "अगं, तिकडे फोटोला बोलावतायत! सगळे शोधतायत तुला!"

"येते. एवढ्या चकत्या राहिल्यात."

"नंतर घास की!"

"बस ना मामा," भिंगरी म्हणाली. "जरा बस."

आणि जी कधी एका जागी थांबली नव्हती ती शांतपणे एकेक चकती घासत राहिली. मामा तिच्याशेजारी टेकले. बाई दाराशी आल्या आणि फोटोवाल्यांना बाहेरच थोपवून तिथेच उभ्या राहिल्या. त्यांनीही मग त्या दुखऱ्या खांद्याने चौकटीचा आधार घेतला. शिक्षेचं नाव कुणी काढलं नाही.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. काही काळ मी त्या खोलीत विसरलेली पडून होते. कोळ्यांनी माझ्यात घरं केली. त्यांचीही सेवा घडली म्हणायची. आता भिंगरीच या तलावावर शिकवते. तिने मला बाहेर काढलं, फुटलेल्या चकत्या बदलल्या आणि लहान मुलांच्या उथळ पाण्यात बांधलं. मुलं पुन्हा माझा घोडा करतात. मोठ्या शर्यतीआधी तिची मुलंमुली घमेल्याभोवती बसून मला घासतात आणि कुरकुरतात. ती कुरकुर ऐकली की मला फार बरं वाटतं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. माझ्यावर बसा, लोंबकळा, माझी तक्रार नाही. पण संध्याकाळी मला सैल करायला विसरू नका. आणि मला सैल करताना स्वतःलाही थोडं सैल करा. ज्याने अंग दिलं त्याने झोपही दिली आहे. ते देणं पायाखाली तुडवू नका. माझी बहीण कुणाच्या ओढण्याने नाही तुटली, हे लक्षात ठेवा.

मामा आता काठी टेकत येतात. पाना त्यांच्या हातात नीट बसत नाही, म्हणून भिंगरी कळ फिरवते आणि मामा शेजारी खुर्चीत बसून राहतात. तार सैल होते. मी पाण्यावर अंग टाकते. ती आधी माझ्याकडे पाहते, मग त्यांच्याकडे, आणि दोघांनाही एकदमच म्हणते,

"टेका आता."